ग्रिनेल यांच्या वह्या

बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९०८ साली पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय उभं राहिलं, ते ॲनी अलेक्झांडर यांच्या पैशावर आणि चिकाटीवर. हवाईतल्या साखरधंद्यानं घर श्रीमंत केलेलं. पण या बाई नुसत्या देणगी देऊन थांबल्या नाहीत, स्वतः रानोमाळ हिंडून नमुने गोळा करत राहिल्या. संचालक म्हणून त्यांनी निवडले जोसेफ ग्रिनेल.

नोंदीच्या बाबतीत ग्रिनेल फार कडक. रात्री सापळे लावायचे, सकाळी तपासायचे आणि लगोलग वही भरायची: ठिकाण, उंची, हवामान, झाडोरा, सापळे किती, सापडलं काय. कागद टिकाऊ, शाई न उडणारी. या साऱ्याचं खरं मोल कदाचित शतकानंतरच्या अभ्यासकाला कळेल, असं त्यांनी १९१० मध्येच लिहून ठेवलं होतं.

१९१४ ते १९२० या काळात त्यांच्या चमूनं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा डोंगराळ मुलूख पायथ्यापासून माथ्यापर्यंत धुंडाळला.

२००३ पासून त्याच संग्रहालयाचे अभ्यासक त्या वह्या घेऊन त्याच ठिकाणी पुन्हा गेले. मधल्या काळात किमान तापमान सुमारे ३ अंश सेल्सियसनं चढलं होतं. तपासलेल्या २८ छोट्या सस्तन प्रजातींपैकी निम्म्या सरासरी ५०० मीटर वर सरकल्या होत्या. योसेमिटीचा बराच भाग १८९० पासून राष्ट्रीय उद्यान. त्यामुळे शेती किंवा वस्तीवर बोट ठेवायला इथे फारशी जागा नाही. अल्पाइन चिपमंक ही पट्टेरी, खारीसारखी चिमुकली प्रजाती तर खालून ६०० मीटरहून जास्त हटली. तिला वर जायला डोंगर उरलाय तरी किती? एकूण प्रजातींची संख्या मात्र जवळपास तेवढीच. नुसती गणती केली असती, तर ही उलथापालथ दिसलीच नसती.

अशाच पुनर्पाहणीत मोहावीच्या वाळवंटात चित्र याहून वाईट निघालं. तिथे पक्ष्यांच्या प्रजाती दर ठिकाणी सरासरी ४३ टक्क्यांनी घटल्या. छोटे सस्तन प्राणी बरेचसे टिकून होते, कारण ते दिवसा बिळात राहतात. पक्ष्यांना अंग थंड ठेवायला पाणी लागतं, आणि तिथे तेच दुर्मिळ.

ग्रिनेल यांच्याच काळात, १९११ पासून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनंही भारतीय उपखंडातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. तिची सुरुवात आपल्या खानदेशातून झाली.