‘ॲक्वायर’: एका सभ्य क्रियापदाचा इतिहास

१/ ‘मिळवणे’ यासाठी इंग्रजीत अनेक क्रियापदे आहेत. त्यांतले एक दिसायला अतिशय सभ्य आहे: ‘ॲक्वायर’. पदवी, कौशल्य, कंपनी, कलावस्तू, शेतजमीन या सगळ्यांसाठी ते सारख्याच शांतपणे वापरले जाते. मात्र या शांततेमागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातले एक प्रकरण आपल्या मुळशीच्या खोऱ्यात घडले. आजचा धागा त्यावर.

२/ आधी अर्थ पाहू. ‘रिसीव्ह’मध्ये देणारा हात कोणाचा तरी दुसऱ्याचा असतो, घेणाऱ्याने काही केलेच पाहिजे असे नाही. ‘ऑब्टेन’मध्ये प्रयत्न असतो: अर्ज करून परवाना मिळवावा तसा. ‘प्रोक्युअर’मध्ये खटपट असते, बहुधा दुसऱ्या कोणासाठी केलेली. ‘ॲक्वायर’चा रोख याहून वेगळा आहे. जे आपले नव्हते ते आपले झाले, एवढेच ते सांगते. कसे झाले, याविषयी ते गप्प राहते.

३/ याचे मूळ लॅटिन. ‘शोधणे, मागणे’ या अर्थाच्या ‘क्वेरेरे’ या धातूला ‘-कडे, अधिक’ असा भाव देणारा ‘अद्’ हा उपसर्ग लागून ‘अक्वीरेरे’ झाले आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. याच कुळात ‘क्वेश्चन’, ‘इन्क्वायरी’, ‘रिक्विझिशन’ आणि ‘रिक्वेस्ट’ हे शब्द आहेत. या कुळातले आणखी एक भावंड म्हणजे ‘कॉन्कर’, अर्थात जिंकणे. विनंती, चौकशी, संपादन आणि दिग्विजय ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत.

४/ हे नाते केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. अठराव्या शतकातील इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन सांगतो की, सरंजामी कायद्यात ‘कॉन्क्वेस्ट’ म्हणजे वारशाखेरीज अन्य मार्गाने मिळवलेली मालमत्ता. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमच्या बिरुदाचा अर्थही काही इंग्रज पंडितांनी असाच सौम्य करून पाहिला. तलवारीने घेतलेले राज्य कागदावर ‘मिळालेली इस्टेट’ होते, ते असे.

५/ आता हिंदुस्थानात येऊ. सार्वजनिक कामांसाठी जमीन घेण्याचा पहिला नियम कंपनी सरकारने १८२४ मध्ये बंगालमध्ये केला. पुढे रेल्वे आली. १८५७ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा झाला, १८७० मध्ये तो बदलला आणि शेवटी १८९४ चा पहिला अधिनियम आला. त्याचे नाव ‘लँड ॲक्विझिशन ॲक्ट’. त्याच्या नावात ‘खरेदी’ नाही आणि ‘जप्ती’ही नाही.

६/ या नावाची निवड समजून घेण्यासाठी व्याकरणाकडे पाहावे लागते. खरेदीला विक्रीची जोड आहे, घेण्याला देण्याची. एकाने विकत घेतले म्हणजे दुसऱ्याने विकले. ‘ॲक्वायर’ला मात्र जोडीदार क्रियापद नाही. सरकारने जमीन ‘ॲक्वायर’ केली, तेव्हा शेतकऱ्याने काय केले? विकली नाही, दिली नाही, गमावली असेही कायदा म्हणत नाही. त्याच्या वाट्याला क्रियापदच येत नाही.

७/ ही केवळ भाषेची खोड वाटत असेल, तर १८९४ च्या कायद्याचे कलम २४ पाहावे. मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत, त्यांची ती यादी आहे. त्यातली दुसरी बाब म्हणजे जमीन सोडण्याविषयी संबंधित व्यक्तीची नाखुशी. कायदा करणाऱ्यांना ती नाखुशी ठाऊक होती. तिच्यासाठी त्यांनी हिशेबात जागा ठेवली नाही, इतकेच. सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर शेकडा १५ जास्त देण्याची तरतूद मात्र कलम २३ मध्ये होती. म्हणजे सक्तीला दर होता, नकाराला नव्हता.

८/ याच कायद्याच्या सातव्या भागात कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याची सोय होती. टाटांच्या वीज कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती. त्यासाठी मुळशीला धरण ठरले आणि मावळातील भातशेतीची पन्नासेक गावे धोक्यात आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याच्या अग्रभागी होते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा म्हणजे कलम २४ ने वगळलेली नाखुशीच होती, फक्त आता ती मोठ्याने बोलली जात होती.

९/ लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. मुळशीत कुळे, मालक आणि सावकार यांचे हितसंबंध एक नव्हते. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि मोबदल्याच्या रकमेवर त्यांचाही डोळा होता. ‘संबंधित व्यक्ती’ या कायदेशीर शब्दात जमीन कसणारा आणि व्याज खाणारा दोघेही मावत होते.

१०/ योगायोग असा की, याच १९२१ साली हेच क्रियापद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढेही होते. एकत्र कुटुंबाच्या पैशाने शिकून आय. सी. एस. झालेल्या माणसाची कमाई कोणाची? कौन्सिलने ती कुटुंबाची ठरवली. त्यावर उतारा म्हणून १९३० मध्ये ‘हिंदू गेन्स ऑफ लर्निंग ॲक्ट’ झाला आणि विद्येने मिळवलेले धन मिळवणाऱ्याचे स्वतःचे मानले गेले.

११/ मराठीने या दोन जागी दोन वेगळे शब्द वापरले, हे लक्षणीय आहे. ‘सेल्फ-ॲक्वायर्ड’ मालमत्तेला आपण ‘स्वकष्टार्जित’ म्हणतो. इंग्रजीत नसलेले ‘कष्ट’ आपण त्यात घातले. जमिनीच्या बाबतीत मात्र ‘भूसंपादन’ म्हणतो. ‘संपादन’ म्हणजे सिद्धीस नेणे. विद्या संपादन करावी, विश्वास संपादन करावा. या शब्दाला यशाचा सुवास आहे. ज्याची जमीन जाते त्याच्या तोंडी हा शब्द क्वचितच येतो. तो म्हणतो, ‘जमीन धरणात गेली’, ‘रस्त्यात गेली’. जोडीदार नसलेल्या त्या क्रियापदाला लोकांनी आपल्या परीने दिलेली ही जोड: सरकारने संपादन केली, आमची गेली.

१२/ १८९४ चा कायदा स्वतंत्र भारतातही सहा दशकांहून अधिक काळ टिकला. १९८४ च्या दुरुस्तीने १५ टक्क्यांचे ३० झाले. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. थेट सरकारी प्रकल्पांना ही अट नाही. म्हणजे नाखुशीला प्रथमच काही ठिकाणी आकडा मिळाला, सर्वत्र नाही.

१३/ म्हणून जुने दस्तऐवज वाचताना एक सवय लावून घ्यावी. ‘ॲक्वायर’ दिसले की विचारावे: कोणाकडून? किती देऊन? त्याने हो म्हटले होते का? संग्रहालयातील मूर्तीखालची पाटी असो, संस्थान खालसा केल्याचा अहवाल असो किंवा तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार, प्रश्न हेच. या क्रियापदाच्या मुळाशी ‘शोधणे’ आहेच. वाक्यातून गळालेला माणूस शोधणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम.

धागा समाप्त.