तालीम आणि धारोष्ण दूध

पहाटे पाचला आजोबा पांघरूण ओढायचे. “ऊठ लेका, वस्ताद वाट बघत न्हाईत कुणाची.” कोल्हापुरात पेठोपेठी तालमी, आणि पोरानं तिथं जायचं हे ठरलेलंच. याला बळ दिलं शाहू महाराजांनी. 1902 च्या विलायत दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 मध्ये खासबागेत कुस्त्यांचं मैदान उभं राहिलं: मधे खोलगट आखाडा, भोवती चढती बैठक, कुठूनही कुस्ती दिसावी अशी. राजानं पैलवानाला मान दिला, मग आईबापांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आम्हाला आधी माती उकरायला लावत. तांबडी माती, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल. तो वास अंगाला दुपारपर्यंत असे. मग जोर, बैठका. मी पन्नासातच गळायचो.

खरं आमिष पुढं होतं. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असत. गवळी समोर धार काढी, पेला फेसानं काठोकाठ भरे. (आजचे डॉक्टर उकळून प्या म्हणतील, बरोबरच आहे.) ओठांवर फेसाच्या मिशा घेऊन आम्ही शाळेत जायचो, मुद्दाम न पुसता.