शेताचे स्थानिक नाव

सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. पुष्कळ उताऱ्यांवर तो कोराच दिसतो. गावात विचारले, तर मात्र ‘चिंचेचा मळा’, ‘पांढरी’, ‘चोपण’ अशी नावे चटकन सांगितली जातात. मग ती कागदावर का नाहीत?

याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील मोजणीत आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्याची नवी पद्धत सुरू केली. तीच पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. शेताच्या हद्दीवर खुणा करायच्या, क्षेत्र मोजायचे, मातीचा रंग व खोली पाहून प्रत ठरवायची आणि शेताला क्रमांक द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. ३३ फूट लांबीच्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, हे माप आजही चालते. सारा वसूल करायला क्रमांक पुरे होता. नावाची गरज उरली नाही.

पण क्रमांक कायम राहिले नाहीत. १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. लोकांच्या तोंडी असलेली नावे मात्र टिकली.

या नावांत माहिती साठलेली असते. ‘चोपण’ म्हणजे पाण्याचा निचरा न होणारी जमीन. ‘मोटस्थळ’ मोटेच्या पाण्यावर भिजणारे, तर ‘पाटस्थळ’ पाटाच्या. ‘पांढरी’ म्हणजे पुष्कळदा जुन्या वस्तीची जागा. पुरातत्त्वज्ञ अशा टेकाडांवर खापरे शोधतात. ‘पाटीलकी’, ‘महारकी’ ही नावे वतनांची आणि त्यामागच्या समाजरचनेची साक्ष देतात.

शेत बुडाले किंवा बिनशेती झाले, की नाव घेणारेही कमी होतात. ज्या इंदापुरात ही मोजणी सुरू झाली, तेथील काही शिवारे उजनीच्या जलाशयाखाली गेली आहेत.

ही नोंद शाळेला सहज करता येईल. गावनकाशाची प्रत घ्यावी. गट नंबर, नाव, माती, पाणी, सांगणाऱ्याचे वय व नोंदीची तारीख असे रकाने आखावेत. मालकाबरोबर शेतमजूर, गुराखी आणि स्त्रियांनाही विचारावे. उच्चार जसा ऐकला तसाच लिहावा. एका शेताची दोन नावे मिळाली, तर दोन्ही नोंदवावीत. नावाचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहावा, कारण अर्थ हा तर्क असतो आणि तो शेतात जाऊन पडताळावा लागतो. जमीन पांढरी दिसते ती चुनखडीमुळे, की तिथे खरोखरच जुनी वस्ती होती?