दुहेरी नागरिकत्व आणि प्रवासाची कागदपत्रे (भारत)

एकाच व्यक्तीस एकाच वेळी दोन देशांचे कायदे आपापला नागरिक मानत असतील, तर त्या स्थितीस दुहेरी नागरिकत्व असे म्हणतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, इस्रायल, मॉरिशस इत्यादी देश ही स्थिती मान्य करतात. भारत सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत ती मान्य करीत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेल्या व्यक्तीचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते व भारतीय पासपोर्ट (पारपत्र) वापरण्याचा तिचा अधिकारही त्याबरोबर संपतो. अशा व्यक्तींसाठी भारत सरकारने ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ कार्डाची, म्हणजेच ओसीआय कार्डाची, सोय केली आहे. या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे व पासपोर्टही नव्हे. हा भेद लक्षात न आल्याने प्रवासात अडचणी उद्भवतात.

संकल्पना

आपला नागरिक कोण, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवतो. काही देश जन्मस्थानाला महत्त्व देतात, काही वंशाला, तर काही दोहोंना. मराठी आईवडिलांचे मूल अमेरिकेत जन्मले, तर अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीमुळे ते सर्वसाधारणपणे जन्मतः अमेरिकन नागरिक ठरते. आईवडील भारतीय नागरिक असल्यास वंशाच्या आधारे भारतीय नागरिकत्वाचा मार्गही त्याच्यासाठी खुला असतो. दोन कायद्यांच्या अशा छेदातून दुहेरी नागरिकत्व निर्माण होते.

या संदर्भात १९३० सालचा हेग करार महत्त्वाचा मानला जातो. ज्या देशाचे नागरिकत्व त्या व्यक्तीकडे आहे, त्या देशाविरुद्ध तिच्या दुसऱ्या देशाने राजनैतिक संरक्षण देऊ नये, असे तत्त्व या कराराच्या चौथ्या कलमात आहे. दोन पासपोर्ट असलेला प्रवासी आपल्या एका देशात अडचणीत सापडला, तर दुसऱ्या देशाच्या वकिलातीची मदत त्यास मिळेलच असे नसते, ते या तत्त्वामुळे.

प्रत्यक्ष प्रवासात बहुतेक देशांचा आग्रह असा असतो, की आपल्या नागरिकाने आपल्याच पासपोर्टावर देशात यावे. अमेरिकन कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाने देशात येताना व देशाबाहेर जाताना अमेरिकन पासपोर्ट वापरणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाचाही असाच नियम आहे. विमानाने येणाऱ्या दुहेरी नागरिकांना कॅनडाने नोव्हेंबर २०१६ पासून कॅनेडियन पासपोर्ट बंधनकारक केला. ज्या दोन देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य आहे, त्यांच्यामधील प्रवासात व्यक्ती प्रत्येक देशाच्या सीमेवर त्या त्या देशाचा पासपोर्ट दाखवते. उड्डाणापूर्वी विमान कंपनी मात्र पुढच्या देशात प्रवेश मिळवून देणारे कागदपत्र पाहते. भारताच्या बाबतीत ही पद्धत लागू होत नाही.

भारतीय कायद्यातील स्थिती

भारतीय संविधानाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे अनुच्छेद ५ ते ११ मध्ये, नागरिकत्वाच्या तरतुदी आहेत. संविधान अमलात येण्यापूर्वी ज्यांनी स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले होते, त्यांना अनुच्छेद ९ ने भारतीय नागरिकत्वातून वगळले. त्यानंतरच्या काळासाठी नागरिकत्व अधिनियम, १९५५ लागू आहे. त्याच्या कलम ८ मध्ये नागरिकत्वाच्या परित्यागाची, तर कलम ९ मध्ये ते आपोआप संपुष्टात येण्याची तरतूद आहे.

एखाद्याने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला असेल, तर त्याने त्या देशाचे नागरिकत्व त्यापूर्वीच स्वेच्छेने घेतले याचा तो निर्णायक पुरावा मानावा, असे नागरिकत्वविषयक नियमांत म्हटले आहे. इझहार अहमद खान खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. म्हणून परदेशी पासपोर्ट हातात पडल्यावर ‘भारतीय पासपोर्टाची मुदत अजून शिल्लक आहे’ या युक्तिवादाला अर्थ उरत नाही. पासपोर्ट नागरिकत्वावर अवलंबून असतो. नागरिकत्व पासपोर्टाच्या मुदतीवर अवलंबून नसते.

भारतीय नागरिक नसलेल्या व्यक्तीने आपले राष्ट्रीयत्व लपवून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणे हा पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १२ अन्वये गुन्हा आहे. त्यासाठी किमान १ वर्ष ते कमाल ५ वर्षे कारावास आणि १०,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.

अज्ञान मुले

भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला एक अरुंद जागा आहे, ती अज्ञान मुलांपुरती. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलास वंशाने भारतीय नागरिकत्व हवे असल्यास त्याच्या जन्माची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात करावी लागते. त्यानंतर नोंद करायची झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी लेखी घोषित करावयाचे असते. असे मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. अन्यथा त्याचे भारतीय नागरिकत्व संपते.

येथे प्रवासाचा पेच उभा राहतो. अमेरिका म्हणते, आमच्या नागरिकाने आमच्या पासपोर्टावर यावे. भारत म्हणतो, मुलाकडे दुसरा पासपोर्ट नसल्याचे घोषित करा. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे कठीण असल्याने अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसाठी अनेक मराठी कुटुंबे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड हा मार्ग निवडतात.

ओसीआय कार्ड

परदेशस्थ भारतीयांसाठी १९९९ साली भारतीय वंशाच्या व्यक्तींचे कार्ड, म्हणजे पीआयओ कार्ड, सुरू झाले. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने अनिवासी भारतीय समाजाविषयीचा अहवाल २००२ साली दिला. त्यानंतर २००३ च्या दुरुस्ती अधिनियमाने १६ देशांतील भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआयची तरतूद केली. २००५ च्या दुरुस्तीने पाकिस्तान व बांगलादेश वगळता इतर देशांनाही ती खुली झाली. जानेवारी २००६ मध्ये हैदराबाद येथील प्रवासी भारतीय दिवसाच्या सोहळ्यात योजना प्रत्यक्षात सुरू झाली. ९ जानेवारी २०१५ रोजी पीआयओ योजना तिच्यात विलीन करण्यात आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात ‘कार्डधारक’ हा शब्द आला. ही नागरिकत्वाची दुसरी पायरी नसून केवळ कार्डाने मिळणाऱ्या सवलती आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

कार्डधारकास आजीवन, अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा मिळतो व कितीही काळ राहिले तरी परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. मात्र त्याला मतदान करता येत नाही, विधिमंडळ व संसदेची निवडणूक लढवता येत नाही आणि राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होता येत नाही. शेतजमीन, फार्महाऊस व मळ्याची जमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने आलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार व गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी आवश्यक आहे.

प्रवासात ओसीआय कार्ड एकटे चालत नाही. त्यासोबत मुदत शिल्लक असलेला परदेशी पासपोर्ट हवाच. पूर्वी कार्डावर नोंदलेला जुना पासपोर्टही बरोबर बाळगावा लागे. २०२१ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी नूतनीकरणाचे नियमही सुटसुटीत झाले. वीस वर्षांचे होण्यापूर्वी कार्ड घेतलेल्याने विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट मिळाल्यावर एकदा कार्ड नव्याने घ्यावयाचे असते. एरवी नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत व छायाचित्र संकेतस्थळावर चढवणे पुरेसे असते.

भारताबाहेर या कार्डाचा उपयोग नाही. भारतीय नागरिक नेपाळ व भूतानला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर जाऊ शकतात. त्याच कुटुंबातील परदेशी नागरिकत्व असलेल्या नातवंडास मात्र ओसीआय कार्ड असूनही परदेशी पासपोर्ट आणि त्या त्या देशाचे प्रवेशनियम लागू होतात.

भारतीय पासपोर्ट परत करणे

पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे; धारक तिचा मालक नसतो. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर जुना भारतीय पासपोर्ट वाणिज्य दूतावासात किंवा भारतात पासपोर्ट कार्यालयात रद्द करून घ्यावा लागतो व त्याबद्दल समर्पण प्रमाणपत्र मिळते. पूर्वी भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीस ओसीआयच्या अर्जासोबत ते जोडावे लागते.

नाशिक आणि पासपोर्टची छपाई

भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभारलेल्या या छापखान्यात टपाल तिकिटे, मुद्रांक व व्हिसाची लेबलेही छापली जातात. तो आज भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळाचा घटक आहे. पुस्तिका कोऱ्या स्वरूपात तयार होतात. धारकाचा तपशील पासपोर्ट कार्यालयात छापला जातो. नाशिक शहरात पासपोर्ट सेवा केंद्र असून ते मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येते. त्यामुळे पुस्तिका नाशिकची असली तरी नाशिककराच्या पासपोर्टवर निर्गमनाचे ठिकाण मुंबई असते.

सर्वसाधारण पासपोर्ट गडद निळा, शासकीय कामाचा पांढरा व राजनैतिक पासपोर्ट तांबूस तपकिरी रंगाचा असतो. चिप बसवलेल्या ई-पासपोर्टचा प्रायोगिक टप्पा १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाला. नागपूर हे त्यातील आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते.

गोव्यातील प्रश्न

दुहेरी नागरिकत्वाचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, स्वतः किंवा ज्यांचे आईवडील अथवा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मले होते, अशा लोकांना भारतीय नागरिक मानले. ज्यांना जुने नागरिकत्व राखावयाचे होते, त्यांना तशी घोषणा करण्यास एक महिन्याची मुदत होती. फादर मोंतेरो यांनी अशी घोषणा करून पोर्तुगीज नागरिकत्व राखले. निवासपरवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यात राहिले, म्हणून त्यांना परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली शिक्षा झाली; १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जन्मभूमीतच परदेशी ठरण्याचे हे उदाहरण कागदोपत्री निवडीचे गांभीर्य दाखवते.

पोर्तुगालने १९७४ साली भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरीही मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्याने नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. त्यासाठी लिस्बनमधील केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करतात. पुढे पोर्तुगीज ओळखपत्र व पासपोर्ट घेता येतो. या पासपोर्टामुळे युरोपीय संघात राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो. ब्रिटन संघातून बाहेर पडेपर्यंत तेथेही तो मिळत असल्याने अनेक गोमंतकीय कुटुंबे स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाली.

पोर्तुगीज कायद्यास दोन नागरिकत्वे चालतात, भारतीय कायद्यास चालत नाहीत. लिस्बनमधील केवळ जन्मनोंदणी म्हणजे स्वेच्छेने नागरिकत्व घेणे होय काय, हा वादाचा मुद्दा आहे. परदेशी नागरिकत्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून काही जणांचे भारतीय पासपोर्ट समर्पणाऐवजी रद्दबातल ठरवले गेले. त्यांना समर्पण प्रमाणपत्र मिळेना व त्यामुळे ओसीआयचा मार्गही बंद झाला. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतील अशा अर्जदारांसाठी रद्दीकरणाचे प्रमाणपत्र पर्याय म्हणून मान्य केले.

इस्रायल व मॉरिशस

कोकणातून इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल समाजाने मराठी भाषा तेथेही जपली. इस्रायलला दुहेरी नागरिकत्व मान्य आहे. परंतु तेथील नागरिकाने ये-जा करताना इस्रायली पासपोर्ट वापरावा, असा नियम आहे. भारतात येताना त्यासोबत ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो.

मॉरिशसमधील मराठी भाषक समाजाचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तेथे गेले. ओसीआय साधारणतः भारतीय नागरिकाच्या पणतवंडांपर्यंत मिळते. त्यामुळे पुढच्या पिढ्या त्यातून सुटत होत्या. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात सातव्या पिढीपर्यंत ही सवलत देणारी विशेष तरतूद जाहीर केली.

कागदपत्रांतील नावांची तफावत

पासपोर्टमध्ये आडनाव व नाव असे दोनच रकाने असतात. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. भारतीय पासपोर्टमध्ये मधले नाव पहिल्या नावाला जोडले जाते, तर परदेशी पासपोर्टमध्ये ते गळू शकते. विवाहानंतर बदललेले नाव आणि रोमन लिपीतील निरनिराळी वर्णयोजना यांनी तफावत वाढते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरवला आहे. विमानाचे तिकीट ज्या पासपोर्टावर प्रवास करावयाचा, त्यातील नावाप्रमाणेच काढावे लागते. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी उपयोगी पडते.

इतर ओळखपत्रे

आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. आधार अधिनियम, २०१६ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे भारतात पुरेसा काळ राहिलेल्या ओसीआय कार्डधारकासही आधार मिळू शकते. पॅन कार्डही नागरिकत्व सिद्ध करीत नाही. मतदार ओळखपत्र मात्र केवळ नागरिकासाठी आहे. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर मतदार यादीतील नाव कायम ठेवणे नियमबाह्य ठरते. परदेशात राहूनही भारतीय नागरिकत्व न सोडलेल्यांना २०१० च्या दुरुस्तीने मतदार यादीत नाव नोंदवण्याचा हक्क मिळाला आहे.

हे सुद्धा पहा

भारतीय नागरिकत्व
भारतीय पासपोर्ट
अनिवासी भारतीय
भारत प्रतिभूती मुद्रणालय, नाशिकरोड
गोवा मुक्तिसंग्राम
बेने इस्रायल