दापोडीचा कारखाना आणि मोटारदुरुस्तीची विद्या

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा 1954 साली पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आरंभ करतो, 1962 च्या औद्योगिक विकास महामंडळाचा उल्लेख करतो, आणि तेथून आकुर्डीची स्कूटर, पिंपरीची मालमोटार व चाकणची परदेशी बनावटीची मोटार अशा क्रमाने वाहनांच्या निर्मितीचा वृत्तान्त पुरा करतो. या वृत्तान्तात असत्य काहीच नाही. परंतु पुण्याहून निघून मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडताच ज्या गावाची हद्द लागते, त्या दापोडीची विद्या मात्र त्यात सापडत नाही. नवी गाडी बाहेर पडते तेव्हा समारंभ होतो, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. मोडलेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर रुजू होते, तेव्हा तिची नोंद फार तर कारखान्याच्या एखाद्या नोंदवहीत होते. म्हणूनच निर्मितीचा इतिहास लिहिला गेला आणि दुरुस्तीचा राहून गेला. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण गाड्या घडविणारी ही भूमी त्याआधी गाड्या सांभाळावयास शिकली होती, आणि त्या शिकवणुकीचे एक मोठे विद्यापीठ दापोडीस होते.

मुळा आणि पवना यांच्या संगमालगतचे हे गाव उत्तर पेशवाईत कवायती पलटणीचे ठाणे होते. कॅप्टन फोर्डच्या हाताखालील ती पलटण 1817 च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईसाठी येथूनच निघाली. फोर्डचा बंगला पुढे 1828 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारासाठी घेतला, आणि त्याच्या आवारात डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग फुलली. परंतु गव्हर्नराचे वास्तव्य गणेशखिंडीस गेल्यावर दापोडीचे राजवैभव संपले, आणि तिच्या वाट्यास जे आले ते अधिक टिकाऊ ठरले. माल्कमच्याच कारकीर्दीत बोरघाटाचा रस्ता गाडीवाटेस खुला झाला होता. 1858 मध्ये पुणे आणि खंडाळा यांच्या दरम्यान आगगाडी धावू लागली. 1869 मध्ये नदीपलीकडे खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचा कारखानाही दापोडीस उभा राहिला. रस्ता, लोहमार्ग, पाणी आणि लष्करी छावणी या चारही गोष्टी एके ठिकाणी जुळून आल्यावर तेथे लोहार, सुतार, कातारी आणि फिटर यांची वस्ती झाली नसती, तरच नवल. मोटार आली ती या हातांकडे आली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात खासगी सर्व्हिस मोटारींचा सुळसुळाट झाला. उतारू पुरेसे जमेपर्यंत अड्ड्यावरून न हलणारी, भाड्याचा निश्चित दर नसलेली आणि टपावर माणसे व बोचकी सारख्याच निष्काळजीपणे लादणारी ती वाहतूक 1939 च्या मोटार वाहन कायद्याने काही अंशी बंधनात आली. परंतु गाडीच्या प्रकृतीविषयी कायदा कितीसे सांगणार? गाडी बंद पडेपर्यंत चालवावयाची आणि बंद पडल्यावर मिस्त्रीस बोलवावयाचे, हाच शिरस्ता होता. त्यात दुसरे महायुद्ध आले आणि पेट्रोलची टंचाई एवढी झाली, की मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या वायूवर इंजिने चालवावी लागली. या वायूने इंजिनाचा जोर घटे, गाळण्या राखेने तुंबत, सिलिंडरात काजळी साचे. त्या गाळण्या झटकण्याचे आणि ती काजळी खरवडण्याचे काम क्लीनरच्या पोरांनी दिवसामागून दिवस केले, आणि त्या कष्टांतूनच पुढच्या पिढीचे कित्येक मिस्त्री तयार झाले. मात्र ही विद्या गुरूच्या मर्जीवर अवलंबून होती. टॅपेटची फट किती ठेवावयाची किंवा इग्निशनचा टायमिंग कसा जुळवावयाचा, हे मिस्त्री शिष्याकडे पाठ करून उरकीत असे, अशी तक्रार जुन्या मंडळींच्या तोंडून आजही ऐकू येते. ज्ञान हेच ज्याचे सारे भांडवल, त्याने ते जपून वापरले, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरास मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी सुटली. बेडफर्डची चासी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या आणि तीस उतारूंची बैठक असा तिचा थाट होता. आरंभीच्या त्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या, आणि ही गोष्ट उतारूच्या दृष्टीने क्षुल्लक असली, तरी कारखान्याच्या दृष्टीने ते एक महासंकट होते. अमेरिकी गाडीच्या नटबोल्टांचे आटे एका मापाचे, इंग्रजी गाडीचे दुसऱ्या आणि इटलीच्या फियाटचे मिलिमीटरच्या हिशेबाचे; एका गाडीचा पाना दुसरीस बसत नसे, आणि जो बळेच बसविला जाई, तो बोल्टाचे कोपरे झिजवून पुढच्या कामगाराचे काम दुप्पट करी. ब्रेकचे लायनर, क्लचच्या पट्ट्या, पाटे, बेअरिंगे, गॅस्केटे यांचा दहा प्रकारचा साठा कोठीत ठेवावयाचा, त्यातला अर्धा विलायतेहून मागवावयाचा, आणि परकीय चलनाच्या मंजुरीची वाट पाहत एका दांड्यापायी सबंध गाडी आवारात उभी ठेवावयाची, असा तो काळ. जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीज गाड्या 1954 पासून आणि मद्रासच्या लेलँड गाड्या त्याच सुमारास मिळू लागल्या, डिझेल इंजिनाचे पर्व सुरू झाले, आणि बनावटींची संख्या हळूहळू उतरत गेली, तेव्हा कोठारास स्वस्थता लाभली. दरम्यानच्या वर्षांत कामगारांची जी परीक्षा झाली, तिने त्यांना कोणत्याही यंत्रापुढे न बिचकण्याची शक्ती दिली.

राज्य परिवहनाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक दापोडीस आहे. दुसरी मराठवाड्यात चिकलठाण्यास, तिसरी विदर्भात हिंगण्यास. नुसती चासी, म्हणजे इंजिन, चाके आणि सुकाणू एवढाच सरंजाम घेऊन उघड्यावर बसलेल्या चालकाने हाकीत आणलेला सांगाडा, या कार्यशाळेच्या फाटकातून आत जातो आणि आसनांसह पूर्ण गाडी होऊन बाहेर पडतो. या कामाच्या जोडीला दुसरे काम चालते, आणि माझा ओढा त्या दुसऱ्या कामाकडे अधिक आहे. वर्षानुवर्षे खड्ड्यांत आपटून, पावसात भिजून आणि उन्हात तापून जिचा पत्रा फाटला, जिच्या खिडक्या खुळखुळू लागल्या, तरी जिचा पायाभूत सांगाडा शाबूत आहे, अशा गाडीची जुनी बॉडी उतरवून तिच्यावर नवी चढवावयाची. कोणता भाग निरुपयोगी, कोणता डागडुजीने चालेल आणि कोणता आणखी एका आयुष्यास पुरेल, हा निवाडा ज्याला करता येतो, त्याचे ज्ञान नवा भाग जोडणाऱ्यापेक्षा खोल असले पाहिजे.

या बॉडीचा इतिहास हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. प्रथम लाकूड होते, म्हणून मोटारीच्या कारखान्यात सुतारास मान होता. सांधा कसा धरावा, धक्क्याने तो ढिला होऊ नये म्हणून खुंटी कोठे मारावी, हे त्याने बैलगाडी आणि टांगा घडविताना कमावलेले शहाणपण येथे उपयोगी पडले. 1956 मध्ये पोलादी बॉडी आली, आणि काथ्याच्या गाद्यांची जागा फोमने घेतली. परंतु पोलादास कोकण मानवले नाही. समुद्रावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांनी पत्रा आतून खाल्ला, रंगाखाली फोड आले, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी गाडी बोटाने दाबताच भोक पडण्याच्या अवस्थेस पोहोचू लागली. तेव्हा 1960 च्या सुमारास ॲल्युमिनियम आले. ॲल्युमिनियम गंजून लाल होत नाही आणि वजनासही हलके. पण त्याला लोखंडासारखी वेल्डिंगची सलगी खपत नाही, म्हणून रिव्हेट मारणाऱ्या जोडीचे, एकाने बाहेरून हातोडी चालवावी आणि दुसऱ्याने आतून ठोकळा धरावा अशा ताल सांभाळणाऱ्या दोघांचे, महत्त्व वाढले. शिवाय दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस चिकटून राहिले, की त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन त्यांपैकी एक झिजतो. म्हणून पत्रा आणि पोलादी सांगाडा यांच्यामध्ये रंगाचा किंवा दुसरा काही आडपडदा राखणे अगत्याचे. ॲल्युमिनियमचे राज्य अर्धशतकाहून अधिक चालले. परंतु अपघातात ही बॉडी चेपते आणि तिचा फाटलेला पत्रा उतारूस इजा करतो, हे वारंवार दिसल्यावर 2018 च्या सुमारास पुन्हा पोलादाकडे वळण्याचा निर्णय झाला. ज्या कामगारांनी आपली सारी नोकरी रिव्हेट मारण्यात घालविली, त्यांना उतारवयात वेल्डिंगची नवी शिस्त आत्मसात करावी लागली, आणि त्यांनी ती केली. या गोष्टीचे कौतुक व्हावे तितके झालेले नाही.

कार्यशाळेइतकीच महत्त्वाची गोष्ट आगारात घडली. फेरी आटोपून आलेल्या चालकाने गाडीचा दोष तोंडी न सांगता कागदावर नोंदवावयाचा, कारागिराने तो दूर करून सही करावयाची, आणि वाहन परीक्षकाने पाहिल्यावाचून गाडी मार्गावर सोडावयाची नाही, ही पद्धती दिसावयास रूक्ष, दफ्तरी स्वरूपाची आहे. परंतु तिने मोटारविद्येत क्रांती केली असे मी समजतो. दोष उद्भवण्यापूर्वीच ठरावीक मैलांनंतर तेल बदलावयाचे, ग्रीस भरावयाचे, ब्रेक उघडून पाहावयाचे, पाट्याचे पान चिरले आहे काय हे तपासावयाचे, हा नियम एकदा अंगवळणी पडला, की मिस्त्रीच्या मुठीतील गुपित कोष्टकात उतरते आणि ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाचे होते. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुले कार्यशाळांत उमेदवारीस येऊ लागली, तेव्हा त्यांच्या हाती आयतीच शिस्त आली. नदीपलीकडे खडकीस 1946 पासून किर्लोस्करांची डिझेल इंजिने तयार होत होती, लष्कराची रणगाडे दुरुस्त करणारी कार्यशाळाही तेथेच होती, आणि 1948 मध्ये रुडकीहून हलविलेले लष्करी अभियांत्रिकीचे विद्यालय दापोडीलगतच स्थिरावले. एवढ्याशा परिसरात पोलाद, डिझेल आणि शिस्त यांचे असे सान्निध्य महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळेल.

या सरकारी विद्येच्या छायेत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने, दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी या भागांत खासगी गॅरेजे वाढली. कोणी फिटर, कोणी पत्रेवाला, कोणी पंप-नोझलवाला, कोणी कमानपाटेवाला. परवाने आणि नियंत्रणे यांच्या त्या कालखंडात नवी फियाट मिळावयास नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे; त्यामुळे हाती असलेली गाडी जगविणे हाच मध्यमवर्गीय मालकापुढे मार्ग होता. इंजिन धूर टाकू लागले, की त्याचे सिलिंडर बोअर करावयाचे आणि इंचाच्या हजारांश भागाने दहा, मग वीस, मग तीस असा जाडा पिस्टन घालावयाचा. तीसही संपले, तर स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ मापावर यावयाचे. बोअर केलेली गाडी काही शे मैल सावकाश हाकावी लागे, आणि तशी सूचना तिच्या मागच्या काचेवर डकविलेली दिसे. ज्या भागाची आयात बंद, तो लेथवर उतरविला जाई. पितळी बुश, कोयंडा, पिना या वस्तू घडविणारे कातारी गॅरेजवाल्याचे खरे आधारस्तंभ होते.

घरच्या मालकानेही या विद्येचा थोडा अंश आत्मसात केला होता. रविवारच्या सकाळी डॉक्टर, वकील अथवा प्राध्यापक बाह्या सरसावून बॉनेट उघडीत, स्पार्क प्लग काढून त्यांची काजळी तारेच्या ब्रशाने झाडीत, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बारीक पॉलिश कागदाने घाशीत, बॅटरीत शुद्ध पाणी घालीत, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून त्याचा ताण अजमावीत; मुलाच्या हाती दहा-अकराचा पाना आणि बारा-तेराचा पाना यांतील भेद समजण्याची जबाबदारी येई. डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून, उजेडात धरून तेलाचा रंग पाहणारा तो गृहस्थ आपल्या वाहनाशी परिचित होता. त्याला गाडीच्या आवाजातील बदल ऐकू येई.

खंडेनवमीचा सण या लोकांनी ज्या निष्ठेने पाळला, तिचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुढे नेणे योग्य होणार नाही. पूर्वीच्या काळी तलवारी आणि ढाली ज्या दिवशी पूजिल्या जात, त्या दिवशी गॅरेजात व कार्यशाळेत पाने, पकडी, हातोड्या, जॅक आणि लेथ यांची पूजा होते, आणि दसऱ्यास गाड्यांवर झेंडूच्या माळा चढतात. पूजेसाठी हत्यारे स्वच्छ करावी लागतात. रॉकेलात धुऊन ती पुसताना कोणत्या पान्याचे तोंड उघडले आहे आणि कोणत्या पकडीचे दात गेले आहेत, हे ध्यानात येते. वर्षातून एकदा का होईना, परंपरेने सक्तीची केलेली ही तपासणीच होय.

1983 अखेर मारुती आली आणि गाडी मिळणे सुलभ होऊ लागले. शतक पालटताना धुराच्या नव्या मर्यादांमुळे कार्बोरेटर गेला, इंधनाचे माप संगणक ठरवू लागला, आणि रविवारच्या बॉनेटाखाली घासावयास पॉइंटच उरले नाहीत. मिस्त्रीच्या हाती स्कॅनर आला; त्याच्या पडद्यावर उमटणारा संकेतांक दोषाची दिशा दाखवितो, पण सैल वायर आणि बिघडलेला सेन्सर यांतील निवड अजून माणसालाच करावी लागते. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची विजेवर चालणारी 'शिवाई' धावू लागली. तिच्यात इंजिनाचे तेल नाही, क्लच नाही, टॅपेट नाहीत. ब्रेक, टायर आणि बॉडी मात्र आहेतच, आणि त्यांची झीज रस्ता पूर्वीप्रमाणेच करीत राहणार.

अशा संक्रमणकाळी मला तातडीचे वाटते ते हे, की या कार्यशाळांतून निवृत्त झालेल्या सुतार, रिव्हेटवाले, फिटर आणि कातारी यांच्याजवळ बसून कोणी तरी त्यांची कैफियत लिहून घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवून आणि मूठ कानास लावून कोणते बेअरिंग गेले हे ते कसे ओळखीत, ॲल्युमिनियमचा पत्रा वळविताना तो चिरण्यापूर्वी हातास काय जाणवते, दहा बनावटींच्या त्या काळाविषयी त्यांच्या उस्तादांनी त्यांना काय सांगितले, याची नोंद त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच हत्यारांच्या नावांनिशी व्हावी. आणि मुदत संपली म्हणून रद्दीत निघणाऱ्या दुरुस्तीच्या नोंदवह्यांपैकी निदान एकेका वर्षाची एकेक वही पुण्याच्या एखाद्या संग्रहालयाने मागून घ्यावी.