शकुंतलेचे फोटो

शकुंतला गाडीचे फोटो आता कोणाच्याही मोबाईलवर सापडतात. बहुतेक एकाच तऱ्हेचे. दोन्ही बाजूंनी वाळलेलं गवत, मधात अडीच फुटाचे रूळ, त्यावर दोन-चार डब्यांची लहानशी गाडी. दारात लोंबकळलेली पोट्टी, खिडकीतून तोंड काढलेली एखादी म्हातारी. काही फोटोंत काळं इंजिन अन् धुराचा लोट दिसतो, ते जुने. गाडी बंद पडल्यावरचे वेगळे. त्यात बाभळी आहेत, गंजलेला रूळ आहे, अन् टिनं उडालेलं स्टेशन आहे. असा फोटो आला की खाली लिहिलेलं असते, 'गेले ते दिवस.'

हे फोटो काढले कोणी? पुण्या-मुंबईचे हौशी लोक येत, विलायतेचे गोरे येत. गळ्यात कॅमेरे अडकवून पऱ्हाटीतून पळत पुढं जात अन् गाडी येईस्तोवर धुऱ्यावर बसत. गाडीचा वेगच असा की त्यांना ते जमे. आम्ही त्यांच्याकडे पाहून हसत होतो. रोज दिसणाऱ्या गाडीचा कोणी फोटो काढते काय? आमच्या गावात फोटो निघे तो लग्नात, नाहीतर माणूस गेल्यावर. माझ्या बापाच्या आयुष्यात दोन फोटो निघाले, अन् दुसऱ्याच्या वेळी तो बसवून ठेवलेला होता, जिवंत नव्हता. म्हणून शकुंतलेत जन्म काढलेल्या माणसांजवळ शकुंतलेचा एकही फोटो नाही, अन् ज्यांच्याजवळ शेकड्यानं आहेत ते एक-दोन वेळा बसले असतील. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी काढले म्हणून आज पाहायला तरी भेटतात. पण त्यांनी काढलेली गाडी आमची गाडी नाही, एवढं लिहून ठेवलं पाहिजे.

आधी गाडी आली कशी ते सांगतो, कारण फोटोत ते दिसत नाही.

वऱ्हाडात रेल्वे माणसांसाठी आलीच नाही. ती कापसासाठी आली. १८५३ च्या करारानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला अन् लँकेशायरच्या गिरण्या उपाशी मरायला लागल्या. तवा साहेबाला आमची काळी जमीन दिसली. १८६७ पर्यंत मुंबईची लाईन भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरपर्यंत गेली. पण खामगाव अन् अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या पेठा लाईनपासून बाजूला राहिल्या. मग जलंब ते खामगाव अन् बडनेरा ते अमरावती असे दोन फाटे टाकले. दहा-बारा किलोमीटरचे फाटे, पण त्यांचा मान केवढा! खामगावचा फाटा उघडायला १८७० साली लॉर्ड मेयो स्वतः आला. हिंदुस्थानचा व्हाईसरॉय खामगावात! माणसासाठी आला असता काय?

आमच्या भागात, म्हणजे पूर्णेच्या उत्तरेला, तरीही बंड्याच होत्या. दर्यापूर-अंजनगावचा कापूस बंडीनं मूर्तिजापूरपर्यंत जाई. त्यासाठी किलिक निक्सन कंपनीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली अन् अडीच फुटाची ही लाईन टाकली. मधात मूर्तिजापूर, एका अंगाला कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळ, दुसऱ्या अंगाला दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूर. सगळी मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. गाठी लहान गाडीनं मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, अन् तिथून जहाजानं मँचेस्टरला. इंजिनही मँचेस्टरकडचंच, १९२१ सालचं. आमचा कापूस तिकडे गेला अन् तो ओढायचं इंजिन तिकडून इकडे आलं. भाव मात्र तिकडेच ठरत होता.

देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही लाईन तेवढी कंपनीच्याच नावावर राहिली. सरकार गाडी चालवे अन् करारापोटी कंपनीला पैसे देई. पेपरवाल्यांना ही गोष्ट फार आवडते. 'इंग्रजांची शेवटची रेल्वे' असं छापलं की लोक वाचतात. गाडीत बसणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला तिकीट स्वस्त पाहिजे होतं, अन् ते होतं. एसटीच्या तिकिटाला ज्याचा हात पुरत नव्हता तो शकुंतलेत बसे. येचणीच्या बाया, बाजाराला बकरी नेणारा, पानाच्या करंड्यावाला, माहेरी निघालेली लेकुरवाळी. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६-७७ किलोमीटर, अन् लागत चारेक तास. फाटक आलं की गाडी थांबे, आपला माणूस खाली उतरून फाटक लावे, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येई. गार्डच तिकिटं फाडे. १५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन काढलं अन् डिझेलचं लावलं. धूर गेला, कपड्यावरचे कोळशाचे कण गेले, फोटोवाल्यांची गर्दीही थोडी ओसरली.

माझ्या मायचं माहेर पथ्रोटकडचं. आमचं गाव दर्यापूर अन् अंजनगावच्या मधातलं. नकाशावर पाहिलं तर काहीच अंतर नाही, पण पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक. पथ्रोट-अंजनगाव सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूला. तिकडे विहिरींना गोड पाणी, पानमळे, पानपिंपरी. आमच्याकडे पूर्णेचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला अन् बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेला हा पट्टा. वरून जमीन लोण्यासारखी काळी अन् खाली पाणी खारट. विहिरीचं पाणी पिकाला देऊन पाहा, जमीन चोपण होते. त्या पाण्यात दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी बाया नदीच्या रेतीत झिरे खोदून वाटी-वाटीनं भरत.

आता पाहा गंमत. मागं माझ्या पुतण्याच्या पोरानं मोबाईलवर एक फोटो पाठवला. बैलजोडी, मोट, थारोळ्यात पडणारं पाणी, हिरवागार मळा. खाली लिहिलेलं, 'आपल्या गावाकडच्या आठवणी.' मी त्याला फोन केला.

"बाबू, हा फोटो कुठचा हाय?"

"माहीत नाही आबाजी. आला तसा पुढं पाठवला. काहून?"

"अरे, आपल्या गावात मोट होती कधी? खारं पाणी काढून कोणाले पाजता?"

तो हसला. पण मला त्याचं काही नवल वाटलं नाही. तो पुण्यात वाढला. गाव म्हणलं की मोट, ओटा, वासुदेव, चुलीवरची भाकर असं त्याच्या डोक्यात बसलेलं आहे, अन् ते त्याला फोटोंनीच शिकवलं. दुसऱ्याच्या गावाची आठवण त्याला येते, अन् आपल्या गावाची येत नाही, कारण तिचा फोटोच नाही. भेगा पडलेल्या जमिनीचंही तसंच. पेपरात शेतकऱ्याची बातमी आली की बाजूला भेगाळलेल्या जमिनीचा फोटो असतोच. अरे बाप्पा, आमची काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते! भेगा पडल्या पाहिजेत, हवा खाली गेली पाहिजे, वरची माती खाली अन् खालची वर आली पाहिजे. आमचा आजा भेगेत हात घालून पाही अन् खूश होई. शेतकऱ्याला मारणारी गोष्ट भेगेत नसते, ती अडत्याच्या चिठ्ठीत अन् बँकेच्या कागदात असते. पण तिचा फोटो कसा काढणार?

तर मायबद्दल सांगत होतो. गोड्या पाण्याची लेक खाऱ्या पाण्यात दिली. वर्षातून दोनदा ती शकुंतलेनं माहेरी जाई अन् परत येताना तिच्याजवळ तीन वस्तू ठरलेल्या असत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, मामीनं दिलेलं वाण अन् झाकणाचा पाण्याचा डबा. होय, पाण्याचा. माहेरच्या विहिरीचं पाणी ती गाडीतून घेऊन येई. डबा दोन पायांच्या मधात धरून बसे, हलू देत नसे. गाडी इतकी हळू की पाणी सांडतही नसे. मोटारीनं आणलं असतं तर अर्धं सांडलं असतं, असं ती म्हणे. घरी आल्यावर त्या पाण्यात तुरीची दाळ शिजे. मेण झाल्यासारखी शिजे. दोन दिवस आम्ही ती दाळ खात होतो अन् तिसऱ्या दिवसापासून पुन्हा खडे.

मला शकुंतला म्हणलं की इंजिन दिसत नाही, ती दाळ दिसते. तो फोटो कोण्या गोऱ्यानं काढला नाही.

मायचाही फोटो नव्हता. लग्नात तिच्या वेळी कॅमेरा नव्हता, आमच्या लग्नांत ती सैपाकघरात होती. शेषनसाहेबांनी १९९३ साली मतदार ओळखपत्राचा हुकूम काढला, त्यानंतर आमच्या गावात शाळेच्या ओट्यावर खुर्ची मांडून सगळ्यांचे फोटो निघाले. वऱ्हाडातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांचा जन्मातला पहिला अन् शेवटचा फोटो तो. मायनं नवं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला. समोर ऊन होतं, तिचा डावा डोळा बारीक झाला अन् तसाच निघाला. तिला तो फोटो आवडला नव्हता. "मतदानाले पाह्यतीन तं म्हनतीन, कानी बुढी आली," असं म्हणून हसत होती.

ती गेल्यावर तेवढाच फोटो हाती होता. तालुक्याच्या गावी स्टुडिओत नेला, मोठा करून मागितला. त्या पोरानं मोठा करून दिला, पण हुशारी केली. डोळा उघडला, कपाळावरच्या सुरकुत्या पुसल्या, लुगड्याला हिरवा काठ लावला, मागं निळं आभाळ टाकलं. घरातले सगळे म्हणाले, लय सुंदर झाला. तो भिंतीवर आहे, चंदनाचा हार घालून. गाडगेबाबा अन् तुकडोजी महाराजांच्या बाजूला. मी मात्र ओळखपत्र जपून ठेवलं आहे. आठवण आली की ते काढतो. बारीक झालेला डोळा मायचा आहे. भिंतीवरचा उघडा डोळा स्टुडिओवाल्याचा.

शकुंतलेच्या फोटोंनाही असंच काठ लावणं चालू आहे, असं मला वाटते. तिच्यात गर्दी होती, बकऱ्यांची लेंडं होती, पावसाळ्यात डब्यात पाणी टपके. ती वेळेवर येत नव्हती अन् तिच्या भरवशावर दवाखान्यात निघणारा माणूस वेडा ठरे. हे सगळं पुसून तिला 'वारसा' म्हणतात. म्हणा. पण पहिली गोष्ट ही की ती गरिबाची सवारी होती, अन् ती बंद पडल्यावर गरिबाला तेवढ्या पैशात जायला दुसरं काही आलं नाही. ब्रॉडगेज करा म्हणून अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूरचे लोक किती वर्षांपासून मागत आहेत. मोर्चे झाले, निवेदनं झाली. अकोल्याहून अकोटवरून खंडव्याला जाणारी मीटरगेजही २०१७ च्या सुरवातीपासून मोठी करण्यासाठी बंद केली. मेळघाटातल्या धुळघाटाजवळ ती स्वतःच्याच लाईनीवरून फिरून जाई, लोक खिडक्यांना डोळे लावून बसत. तिचेही फोटोच उरले.

मागच्या दिवाळीत पुतण्याचा तोच पोरगा गावी आला होता. त्याला घेऊन मी दोन दिवस फिरलो. बनोसा स्टेशन, कापूसतळणी, लाखपुरीजवळचा पूर्णेचा पूल, आमच्या गावच्या नदीतला झिऱ्यांचा काठ. झिरे आता नाहीत, पण काठ आहे. पोरगं मोबाईलनं फोटो काढत होतं. मी त्याला सांगितलं, बाभळी येऊ दे, शेणाचे पो येऊ दे, काही पुसू नको. तालुक्याला जाऊन त्यातले अकरा फोटो कागदावर काढून आणले. मग प्रत्येकाच्या मागं बॉलपेनानं लिहीत बसलो. हे कोण, हे कुठं, इथं काय होत होतं. बनोसा स्टेशनच्या फोटोमागं लिहिलं, 'इथून माय पथ्रोटले जात जाये. येतानी पितळी डब्यात गोडं पानी आने.'

माझी धाकटी बहीण भाऊबिजेला आली होती. तिनं फोटो उलटा करून वाचला अन् लगेच म्हणाली, "पितळी कायचा रे भाऊ? गोड्या तेलाचा पत्र्याचा डब्बा होता थो. पितळी त मोठ्या मामीच्या घरी होता."

मी म्हणलं, पितळीच होता, मले चांगला आठवते. ती ऐकेना. शेवटी पेन घेऊन तिनं माझ्या ओळीखाली आपली ओळ लिहिली, अन् खाली आपलं नावही टाकलं. आता त्या फोटोमागं दोन डबे आहेत.