कुंडिनपुराच्या समोरच्या काठावरून

स्मरणिकेसाठी "सोसायटीचा इतिहास लिहा" असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, पंचवीस वर्षांचा कसला आलाय इतिहास? पण जन्मभर शाळेत हाच विषय शिकवला असल्यामुळे नाहीही म्हणता येईना. तेव्हा थोडं मागून सुरुवात करतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या आर्वीपासून दहाएक किलोमीटरवर वर्धा नदी. अलीकडे देऊरवाडा, पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर. भीष्मक राजाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर म्हणून परंपरा ज्या कुंडिनपुराचं नाव सांगते, ते हेच. पुराणातलं पुराणात राहू द्या, पण 1960 च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातल्या व त्याही आधीच्या वस्तीच्या खुणा मातीतून वर आल्या. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षं माणूस त्या काठावर नांदतो आहे. त्या हिशेबानं आपण सगळे कुंडिनपूरच्या उपनगरातले रहिवासी! माझ्या या वाक्यावर वर्गात दरवर्षी हशा यायचा.

पण कौंडण्यपूरला गेलात की एक गोष्ट पाहा. विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ उंचावर आहे, नदी खाली. जुन्या लोकांनी नदी जवळ ठेवली, पण उंबऱ्याशी येऊ दिली नाही. आणि आपली आर्वी तर नदीपासून चांगलीच आत. तेलंगरावांच्या नावानं ओळखलं जाणारं हे गाव. त्यांच्या समाधीला हिंदू आणि मुसलमान दोघंही आपलं मानतात.

या नदीनं एकेकाळी राज्यंही वेगळी केली. 1803 च्या देवगावच्या तहानं भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला, तो निजामाकडे गेला. पलीकडचा काठ परक्या राज्यात आणि आर्वी भोसल्यांच्या सरहद्दीवर! 1853 नंतर इंग्रज आले, 1862 मध्ये वर्धा जिल्हा झाला. पहिलं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, ते 1866 साली पालकवाडीला नेलं; तेच आजचं वर्धा. आर्वीला 1867 मध्ये नगरपालिका मिळाली. पुढं कापसानं गावाला पैसा दाखवला, जिनिंग-प्रेसिंग आलं, आणि 1917 मध्ये पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी आली. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केलाय त्यांना वेगाविषयी काही सांगायला नको.

आता आपल्या सोसायटीकडे येतो.

1999 साली आम्ही शिक्षक, पोस्टातले, बँकेतले असे मोजके लोक जागा शोधत होतो. जुन्या गावात वाडे होते, पण भावाभावांत वाटण्या होऊन एकेका खोलीवर आलेले. एका दलालानं नदीच्या वाटेवर, नाल्याला लागून एक शेत दाखवलं. दर आमच्या ऐपतीतला. काळीभोर जमीन, कडेला बाभळी, संध्याकाळचा गार वारा. कागदावर प्लॉट पाडलेला नकाशाही त्यानं आणला होता. आम्ही इसाराची रक्कम जमवायला लागलो. खरं सांगायचं तर सर्वांत जास्त घाई मलाच होती.

दुसऱ्यांदा जागा पाहायला गेलो तेव्हा शेजारच्या शेतातला एक म्हातारा धुऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "गुरुजी, इथं घर नोका बांधू. त्या बाभुईकडे पाहा." पाहिलं तर माझ्या डोक्याच्या वर, फांदीच्या बेचक्यात काडीकचरा आणि फाटक्या लुगड्याची चिंधी अडकलेली. वाळून काळी पडली होती.

मला एकदम मोवाड आठवलं. याच वर्धेच्या काठचं, वरच्या अंगाचं ते गाव. 30 जुलै 1991 च्या पुरात तिथं 204 माणसं गेली. आम्ही शाळेतून पोळ्या आणि जुने कपडे घेऊन गेलो होतो. उभी भिंत फारशी दिसत नव्हती. एका चौथऱ्यावर एक बाई चिखल उकरत बसली होती. काय शोधता म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दार." त्यापुढं मला काही विचारता आलं नाही.

त्या रात्री बैठक झाली आणि बरीच वादावादी झाली. स्वस्त जागा हातची जाते म्हणून दोघं जण रागावून बाहेर पडले. आठ वर्षांत मोवाड विसरणं किती सोपं असतं, हे मला स्वतःवरूनच कळलं. शेवटी आपण ही वरच्या अंगाची मुरमाड जागा घेतली. दर जास्त, विहिरीला पाणी खोल, आणि सुरुवातीची चार वर्षं "रानात राहायला गेले" म्हणून गावानं थट्टा केली. पहिल्या उन्हाळ्यात टँकरपुढं रांगा लावताना आमच्या सौ.नं मला जे ऐकवलं, ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

आज इथं प्लॉट मिळत नाही. झाडं मोठी झाली, गच्चीवर वारा तसाच गार लागतो. वर अप्पर वर्धा, खाली धनोडीचं निम्न वर्धा, अशी दोन मोठी धरणं झाली. पावसाळ्यात दारं उघडल्याच्या बातम्या येतात, आणि मुलं गाड्या काढून पाणी पाहायला जातात. मीही जातो.

हल्ली मात्र आपल्याच काही घरांतून "नदीकाठी नवा लेआउट पडतोय, इथलं विकून तिथं जाऊ" असं ऐकू येतं. दलालानं तेव्हा आणलेला नाल्याकाठचा तो नकाशा मी जपून ठेवला आहे. माझं नाव पेन्सिलीनं लिहिलेला चौकोन त्यावर अजून दिसतो. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर यावं. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.